‘मंग इले हा रोग कुठून आला?’

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव हे कोसा कापडासाठी ओळखलं जाणारं गाव. भोवताली धानाची शेती आणि तलाव. या पट्ट्यात कोणत्याही सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या तपासणीचा कागद हाती पडला की एक प्रश्न हमखास कानावर येतो. पाच-सहा वर्षांची पोर वरचेवर तापते, हातपाय ठणकतात म्हणून रात्रभर रडते, डोळे पिवळट दिसतात. रक्त तपासलं जातं आणि कागदावर ‘एसएस’ अशी दोन अक्षरं येतात. सोबत आलेली आजी डॉक्टरांना विचारते, ‘‘आमच्या घरी त कोणालेच नाही, मंग इले हा रोग कुठून आला?’’

प्रश्न रोगाबद्दलचा असतो, पण त्याचा रोख बरेचदा सुनेकडे असतो. ‘तिच्या माहेराहून आला असंल’ असं म्हणून विषय संपवला जातो. एखाद्या घरात तेवढ्यावरून सून कायमची माहेरी धाडली जाते, तर एखाद्या घरात धाकट्या बहिणीचं लग्न अडतं. म्हणजे रोगाचं नेमकं कारण काय, हा इथं फक्त प्रयोगशाळेतला प्रश्न नाही. त्याच्या उत्तरावर कुणाचा तरी संसार अवलंबून असतो.

विज्ञानानं हे उत्तर शंभर वर्षांहून अधिक काळ शोधलं आहे. गंमत अशी, की ते शोधताना सिकलसेलच्या या एका जनुकानं रोगांची कारणं शोधण्याची रीतच पालटून टाकली. विदर्भातल्या रुग्णांच्या रक्तानंही त्यात मोलाची भर घातली आहे.

आईची एक चिठ्ठी, वडिलांची एक

रक्ताला लाल रंग येतो तो हिमोग्लोबिनमुळे. फुप्फुसांतून ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्याचं काम. हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन प्रकारच्या साखळ्या असतात, अल्फा आणि बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याची सूचना ज्या जनुकात असते, त्याच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला ‘ए’ म्हणतात आणि सिकलसेलच्या प्रतीला ‘एस’. दोन्ही प्रती ‘ए’ असतील तर माणूस या रोगापासून मुक्त. एक ‘ए’ आणि एक ‘एस’ असेल, म्हणजे कागदावर ‘एएस’ आलं, तर तो वाहक. दोन्ही ‘एस’ असतील तर तो रुग्ण.

वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो. तो रोवणी करतो, माग चालवतो, नातवंडं खेळवतो आणि आपल्या रक्तात ‘एस’ आहे हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. म्हणून आजीचं म्हणणं खोटं नसतं. घरात खरोखरच कुणी आजारी नसतं. पण वाहक असतात, आणि दोन्ही घरांत असतात. मूल ‘एसएस’ निघालं याचा अर्थच असा, की एक ‘एस’ आईकडून आला आणि एक वडिलांकडून. एकट्या सुनेच्या माहेराहून हा रोग येऊच शकत नाही.

आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन ठणठणीत, असा हिशेब मात्र नसतो. दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं निघतात. आईनं डोहाळ्यांत काय खाल्लं किंवा ग्रहणात काय चिरलं, याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

‘एसएस’ असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन सोडून दिल्यावर वाकड्या होतात आणि विळ्यासारख्या दिसू लागतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, तर या पेशी बहुधा १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळे होतात. त्याहून वाईट म्हणजे या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथं अडकतात, तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि असह्य वेदना सुरू होतात. प्लीहा निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्ग पटकन होतो. काहींना लहान वयातच पक्षाघाताचा झटका येतो.

एका अक्षराची चूक

या वाकड्या पेशी वैद्यकाच्या नोंदीत आल्या १९१० साली. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. पेशी अशा का होतात, हे मात्र पुढची चार दशकं कोडंच राहिलं.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात ठेवलं तर ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगानं सरकतं. म्हणजे दोष पेशीत नव्हता, रेणूत होता. त्यांनी आपल्या निबंधात सिकलसेलला ‘रेणूचा रोग’ म्हटलं. एखाद्या रोगाचं कारण रेणूपर्यंत नेऊन पोचवण्याची ही पहिलीच वेळ. आज जिल्हा रुग्णालयात निदान पक्कं करण्यासाठी जी ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ तपासणी करतात, ती याच तत्त्वावर चालते.

पुढची पायरी केंब्रिजच्या व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ मध्ये गाठली. बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. त्यातलं फक्त सहावं अमिनो आम्ल बदललेलं होतं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं होतं. पुढे डीएनए वाचता येऊ लागल्यावर या बदलाचं मूळ कळलं. अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा जनुकात एका जागी ‘ए’ हे अक्षर हवं, तिथं ‘टी’ आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. त्यातल्या एका अक्षराच्या बदलातून एवढं दुखणं उभं राहतं.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद झाली ती १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींत. विदर्भाचं नाव यायला फार वेळ लागला नाही. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयीचं टिपण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. हा रोग फक्त आदिवासींचा असतो ही समजूत नागपूरकडच्या नोंदींनी मोडीत काढली. इथं तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही मोठ्या प्रमाणावर आढळला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर हे जिल्हे आज महाराष्ट्रातल्या सिकलसेलच्या नकाशावर ठळक दिसतात.

घातक अक्षर टिकलं कसं?

इथं एक प्रश्न पडतो. पूर्वी ‘एसएस’ मुलं बहुतेक लहानपणीच दगावत. मग पिढ्यान्‌पिढ्या जाता हे अक्षर पुसलं जायला हवं होतं. ते टिकलं कसं?

त्याचा धागा मलेरियाशी जुळतो. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमिया या रक्तदोषाबद्दल असा तर्क मांडला होता, की त्याचे वाहक मलेरियाला अधिक चांगलं तोंड देत असावेत. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलसेलपुरता या तर्काचा पुरावा १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून आणला. जिथं मलेरिया जास्त, तिथं ‘एस’ जास्त आणि वाहक मुलांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी कमी, असं त्यांना दिसलं. आता हे पक्कं झालं आहे, की फाल्सिपेरम मलेरियाचं गंभीर रूप होण्याचा धोका वाहकाला ८५ ते ९० टक्क्यांनी कमी असतो.

म्हणजे ‘एस’ हे अक्षर दोन ठिकाणी आलं की जीवघेणं ठरतं, आणि एका ठिकाणी आलं की जीव वाचवतं. विदर्भाच्या पूर्व भागातली जंगलं, तलाव आणि धानाची शेती हा मलेरियाचा जुना मुलूख. आज ज्या रक्तामुळे घर हवालदिल होतं, त्याच रक्तामुळे त्या घराच्या कितीतरी पूर्वजांनी तापाच्या साथी पार केल्या असणार.

निसर्गानंच केलेला प्रयोग

ॲलिसन यांच्या या निरीक्षणातून रोगांची कारणं शोधायचं एक वेगळंच हत्यार हाती आलं. ते समजून घ्यायला आधी एक नेहमीची अडचण पाहू.

समजा, एखाद्या गावात मलेरिया झालेल्या मुलांनाच रक्तातले जिवाणूंचे गंभीर संसर्गही जास्त होताना दिसले. मग मलेरियामुळे ते संसर्ग होतात असं म्हणायचं का? सांगता येत नाही. कदाचित ती मुलं गरीब घरची असतील, कुपोषित असतील, दवाखान्यापासून लांब राहत असतील आणि दोन्ही रोग त्या गरिबीमुळेच होत असतील. दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. खात्री करायची तर काही मुलांना मुद्दाम मलेरिया होऊ द्यायचा आणि काहींना नाही, असा प्रयोग करावा लागेल. तो तर कुणीच करणार नाही.

पण निसर्गानं हा प्रयोग आधीच करून ठेवला आहे. आई-वडिलांपैकी एकजण वाहक असेल तर मुलाला ‘ए’ मिळेल की ‘एस’, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ही चिठ्ठी घरची श्रीमंती बघत नाही की आईचं शिक्षण बघत नाही. ज्यांना ‘एस’ मिळाला, त्यांना मलेरियापासून जन्मतः संरक्षण मिळालं. ज्यांना नाही, त्यांना नाही. मग या दोन गटांतल्या मुलांना पुढे कोणते रोग किती झाले, एवढंच मोजायचं.

केनियातल्या किलिफी इथल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. त्यांचं काम २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्या भागात मलेरिया जोरात होता तेव्हा ‘एएस’ मुलांना रक्तातला जिवाणूसंसर्गही कमी होत असल्याचं दिसलं. पुढे काही वर्षांत तिथला मलेरिया उतरत गेला, तसं वाहकांचं हे दुसरं संरक्षणही ओसरत गेलं. ‘एस’ अक्षर जर थेट जिवाणूंपासून वाचवत असतं तर मलेरिया कमी झाल्यावरही ते वाचवत राहिलं असतं. तसं झालं नाही. अर्थ स्पष्ट होता. मलेरियाच मुलांना जिवाणूसंसर्गाला बळी पाडत होता. मलेरिया जोरात असताना अशा संसर्गांपैकी निम्म्याहून अधिक संसर्गांच्या मुळाशी तोच असल्याचा अंदाज या अभ्यासातून निघाला. मलेरिया आवरला तर दुसऱ्याही एका जीवघेण्या रोगाचा मोठा भाग आवरतो, हे सिकलसेलच्या जनुकानं दाखवून दिलं.

या पद्धतीला ‘मेंडेलियन रँडमायझेशन’ म्हणतात. वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांचं नाव तिला दिलं आहे. आज ही पद्धत अनेक रोगांसाठी वापरली जाते. ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढवलं की हृदयविकार टळतो, असं कितीतरी वर्षं मानलं जात होतं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना हृदयविकार कमी, हे तर दिसतच होतं. पण ज्यांच्यात हे कोलेस्टेरॉल जन्मतःच जनुकांमुळे थोडं जास्त असतं, त्यांची तपासणी केली तेव्हा त्यांचा हृदयविकाराचा धोका अपेक्षेप्रमाणे घटलेला दिसला नाही. २०१२ मधल्या त्या अभ्यासानं औषध कंपन्यांनाही विचार करायला लावलं. उलट ‘वाईट’ कोलेस्टेरॉल जनुकांमुळे जन्मतः कमी असणाऱ्यांना हृदयविकार खरोखरच कमी होतो. म्हणजे एक कोलेस्टेरॉल रोगाचं कारण होतं आणि दुसरं नुसतं सोबती.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. एक जनुक कधीकधी चार कामं करतं, आणि मग कुठल्या कामाचा परिणाम आपण मोजतोय ते ओळखणं अवघड होतं. म्हणून एकाच जनुकावर विसंबून न राहता अनेक जनुकांची आणि अनेक लोकसमूहांची माहिती ताडून पाहावी लागते.

एकच अक्षर, वेगवेगळं दुखणं

आता पुन्हा विदर्भाकडे येऊ. कारण इथल्या रुग्णांनी संशोधकांना आणखी एका कोड्यात टाकलं होतं.

१९८०च्या दशकात ‘एस’ अक्षराच्या आजूबाजूचा डीएनए वाचता येऊ लागला, तेव्हा भारतातल्या रुग्णांत या अक्षराच्या शेजारची वळणं आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा वेगळी दिसली. भारतात आणि अरबस्तानच्या पूर्व भागात ती सारखी होती, म्हणून तिला ‘अरब-भारतीय’ धाटणी असं नाव पडलं. हे अक्षर आशियात स्वतंत्रपणे बदललं, असा निष्कर्ष तेव्हा काढला गेला. २०१८ मध्ये संपूर्ण जनुकसंचांच्या अभ्यासातून, बदल एकदाच आफ्रिकेत झाला असावा आणि तिथून पसरला असावा, असाही दावा पुढे आला. त्यावरची चर्चा अजून चालू आहे.

या भारतीय धाटणीत एक चांगली गोष्ट आहे. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं, ‘गर्भीय’ हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटा साखळी नसते, म्हणून ‘एस’चा दोष तिथं लागू पडत नाही. जन्मानंतर पाच-सहा महिन्यांत ते बहुतांशी बंद होतं, आणि म्हणूनच सिकलसेलची लक्षणं नवजात बाळात दिसत नाहीत. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी ही गोष्ट टिपली होती. अरब-भारतीय धाटणीच्या रुग्णांत हे गर्भीय हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी बनत राहतं. म्हणून भारतातला सिकलसेल सौम्य असतो, असं पाठ्यपुस्तकांत लिहिलं गेलं.

नागपूरच्या वॉर्डांत मात्र तसं दिसत नव्हतं. तिथली मुलं वारंवार भरती होत होती, रक्त चढवावं लागत होतं, वेदनांनी तळमळत होती. १९९७ मध्ये मुंबईतल्या आणि फ्रान्स-अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून दोन ठिकाणच्या रुग्णांची तुलना केली. एक गट गुजरातमधल्या वलसाड भागातल्या आदिवासींचा, दुसरा नागपूर भागातल्या बिगरआदिवासी रुग्णांचा. दोन्हीकडे ‘एस’ तेच, धाटणी तीच, गर्भीय हिमोग्लोबिनही चांगलं. तरी वलसाडच्या रुग्णांचं दुखणं सौम्य आणि नागपूरच्यांचं तीव्र.

फरक सापडला तो दुसऱ्याच गुणसूत्रावर. वलसाडच्या जवळपास सगळ्या रुग्णांत अल्फा साखळीच्या जनुकाची एखादी तरी प्रत गळालेली होती. याला अल्फा थॅलेसेमिया म्हणतात. खरं तर हाही एक दोषच. पण त्यामुळे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन जरा कमी भरतं, दाटी कमी होते आणि ‘एस’ रेणू एकमेकांना चिकटून पेशी वाकडी करण्याचा वेग मंदावतो. नागपूरच्या रुग्णांत ही गळती बरीच कमी होती. त्यांच्या वाट्याला ‘एस’ आला, पण त्याचा जोर कमी करणारा जोडीदार आला नाही.

पुढे नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय रुधिर संस्थेतल्या संशोधकांनी नवजात बाळांची तपासणी करून ‘एसएस’ निघालेल्या बाळांची पुढची काही वर्षं पाहणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातूनही, मध्य भारतातला सिकलसेल सरसकट सौम्य नाही, हेच पुढे आलं. अनेक मुलांना गंभीर त्रास लहान वयातच सुरू झाला होता. ‘भारतातला रोग सौम्य’ या पुस्तकी वाक्यावर विसंबलं असतं तर अशा मुलांकडे वेळेवर लक्ष गेलं नसतं. दुसऱ्या मुलखातली जनुकीय माहिती उचलून इथल्या मुलाला लावता येत नाही, हा धडा विदर्भानं दिला.

कारणातून उपचाराकडे

गर्भीय हिमोग्लोबिन टिकलं तर रोग नरमतो, हे निसर्गाच्याच प्रयोगानं दाखवलं होतं. मग ते मुद्दाम टिकवता येईल का? ‘हायड्रॉक्सीयुरिया’ ही जुनी गोळी हे काम काही प्रमाणात करते. १९९८ मध्ये अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. इथल्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच जास्त, मग गोळीचा काय उपयोग, अशी शंका होती. डॉ. जैन यांच्या गटानं नागपुरात तीव्र त्रास असलेल्या मुलांवर कमी आणि ठरावीक मात्रेचा अभ्यास केला. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची गरज दोन्ही कमी झाल्याचं त्यात दिसलं. कमी मात्रा म्हणजे कमी खर्च आणि कमी देखरेख. गावातल्या रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे. ही गोळी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि अधूनमधून रक्त तपासतच घ्यायची असते.

दुसरा मार्ग जनुकीय माहितीतून निघाला. काही निरोगी माणसांच्या रक्तातही मोठेपणी गर्भीय हिमोग्लोबिन जास्त का असतं, हे शोधायला संशोधकांनी हजारो लोकांचे जनुकसंच ताडून पाहिले. २००७-०८ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीएल११ए’ या जनुकाकडे बोट गेलं. तोवर त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध असेल असं कुणालाही वाटलं नव्हतं. जन्मानंतर गर्भीय हिमोग्लोबिनचं बटण बंद करण्यात या जनुकाचा मोठा वाटा असतो, असं निघालं. मग तांबड्या पेशींपुरतं हे जनुकच दाबून टाकलं तर?

त्यातूनच ‘क्रिस्पर’ या जनुकं कातरण्याच्या तंत्राचा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार तयार झाला. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, त्यांत हा बदल करायचा आणि त्या परत सोडायच्या, असा तो उपचार आहे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. भारतात दिल्लीच्या ‘आयजीआयबी’ या सरकारी संस्थेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये क्रिस्परवर आधारलेला स्वदेशी उपचार ‘बिरसा १०१’ या नावानं जाहीर केला. बिरसा मुंडा यांच्या जन्माला १५० वर्षं झाली, त्या निमित्तानं हे नाव दिलं आहे. तो गावागावांतल्या रुग्णापर्यंत पोचायला मात्र अजून बरीच वाट चालायची आहे.

माहिती कुणाची, आणि कशासाठी?

जगभरातल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत युरोपीय वंशाच्या लोकांची माहिती सर्वांत जास्त आहे. नागपूर-वलसाडच्या फरकासारखी उत्तरं त्यात सापडत नाहीत. हीच उणीव भरून काढायला ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशभरातल्या ८०हून अधिक लोकसमूहांतल्या सुमारे दहा हजार लोकांचे जनुकसंच वाचले गेले. जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली.

भारतात याची गरज आणखी एका कारणानं आहे. शेकडो वर्षं आपण आपापल्या जातीत लग्नं करत आलो. त्यामुळे अनेक समूहांत एखादं दुर्मिळ अक्षर त्याच समूहात फिरत राहतं आणि दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ संस्थेचे डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या अनेक समूहांबाबत हे दाखवून दिलं. यात उच्चनीच असं काही नाही. कुठल्याही जातीच्या रक्तात कुठलं ना कुठलं असं अक्षर लपलेलं असतंच. सिकलसेलचं अक्षर ओळखीचं झालं, इतकंच. म्हणून त्याला ‘अमक्या जातीचा रोग’ म्हणणं शास्त्राला धरून नाही, आणि माणुसकीलाही नाही.

जनुकीय माहितीचा दुरुपयोग होण्याची भीतीही खोटी नाही. तपासणीचा निकाल त्या माणसाचा असतो. शाळेत सगळ्यांदेखत मुलीला ‘तू एएस’ म्हणून सांगणं किंवा निकालाची यादी भिंतीवर लावणं म्हणजे तिचं लग्न आपल्या हातानं अवघड करणं. निकाल एकांतात सांगावा आणि सोबत त्याचा अर्थही समजावून सांगावा.

मग करायचं काय?

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा रोग हटवायचा, असं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात राज्याचा कार्यक्रम त्याच्याही आधीपासून चालू आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी गावपातळीवर होते. ती सकारात्मक आली तर ‘एएस’ की ‘एसएस’, हे पुढच्या तपासणीत ठरतं. नुसत्या पहिल्या चाचणीवरून कुणालाही रुग्ण ठरवू नये.

तपासणी लग्नाआधी झाली तर सर्वांत बरं. एक जोडीदार ‘एएस’ आणि दुसरा ‘एए’ असेल तर त्यांचं मूल वाहक होऊ शकतं, पण ‘एसएस’ होऊ शकत नाही. म्हणजे वाहकानं लग्नच करू नये, असं मुळीच नाही. दोघंही वाहक असतील तर पुढचा धोका त्यांना आधी नीट समजलेला असावा. एक वाहक सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा असेल, तरीही मूल आजारी निघू शकतं, म्हणून दोन्हींची तपासणी एकत्र करून घ्यावी. लग्न झालेलं असेल तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच, साधारण दहा ते बारा आठवड्यांत, मोठ्या केंद्रात गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. त्यानंतर काय करायचं, तो निर्णय त्या जोडप्याचा.

आणि मूल ‘एसएस’ असेल तर? भरपूर पाणी पाजायचं, थंडीपासून जपायचं, उन्हातान्हात दमू द्यायचं नाही. लसी चुकवायच्या नाहीत, फॉलिक आम्ल आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. ताप, छातीत दुखणं, दम लागणं, पोट एकाएकी फुगणं किंवा हातपाय लुळे पडणं यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे पात्र रुग्णाला प्रमाणपत्रही मिळू शकतं. वेळेवर निदान झालेली आणि नियमित उपचार घेणारी मुलं शाळा शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात.

राहता राहिला आजीचा प्रश्न. इला हा रोग कुठून आला? अर्धा आईकडून आला, अर्धा बापाकडून आला. त्या दोघांना तो त्यांच्या आई-वडिलांपैकी कुणाकडून तरी आला, म्हणजे कदाचित विचारणाऱ्या आजीकडूनही. तिनं तो कुठून मागून आणला नव्हता, आणि सुनेनंही नाही. म्हणून दवाखान्यातून परतताना घरातल्या बाकीच्यांनीही आपलं रक्त तपासून घ्यावं. सुनेच्या माहेरचीच नव्हे, दोन्ही घरची माणसं. पुढच्या लग्नाची बोलणी सुरू होतील तेव्हा ती माहिती हाताशी असेल.